कंबर मोजताना श्वास सोडा

सोलापूरच्या होम मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली वजन मागे पडलंय आणि 'फॅट किती?' हा प्रश्न पुढे आलाय. कुणाच्या मुलानं ऑनलाइन मागवलेला काचेचा काटा घरी आलाय, कुणी जिममध्ये दोन्ही हातांत दांड्या धरून रिपोर्टाची पट्टी आणलीय, कुणी मोबाइलवर कंबर-मानेची मापं भरून टक्के काढलेत. एकाच माणसाचे तीन आकडे निघतात, २१, २५ आणि २८. मग त्यातला सगळ्यांत कमी तो खरा, असं तिथल्या तिथे ठरतं.

खरा कुठलाच नसतो आणि खोटाही कुठलाच नसतो. जिवंत माणसाच्या अंगातली चरबी काढून तराजूत टाकता येत नाही, म्हणून प्रत्येक पद्धत दुसरंच काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधते. टेप घेर मोजतो, काटा विजेला होणारा अडथळा मोजतो, चिमटा कातडीच्या घडीची जाडी मोजतो. मोठ्या रुग्णालयातलं डेक्सा स्कॅनसुद्धा अंगातून जाताना क्ष-किरण किती अडले तेच पाहतं. फक्त त्याचा अंदाज बराच जवळचा असतो. घरच्या पद्धतीत तीन-चार टक्क्यांची चूक धरूनच चालायचं. तिला घाबरायचं कारण नाही. दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला होणारी चूक फारसं बिघडवत नाही, कारण दोन महिन्यांच्या आकड्यांची वजाबाकी केली की ती बहुतेक निघून जाते. छळते ती आज एक आणि उद्या दुसरीच होणारी चूक. घरी चरबी मोजायची तर सगळी मेहनत या दुसऱ्या चुकीवर घ्यावी लागते.

म्हणून माझं पहिलं मत शिवणाच्या टेपला. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने आणि घरोघरची शिलाई इतकी, की टेप नसलेलं घर शोधावं लागेल. पण मशिनीच्या खणातला जुना टेप उचलून थेट कंबरेला लावू नका. कापडी पाठीचा टेप ओढून ओढून लांबतो, आणि टोकाचा पत्रा निसटलेला असेल तर पहिला अर्धा सेंटिमीटर त्याच्याबरोबर गेलेला असतो. सुताराच्या स्टीलच्या टेपशेजारी तो सपाट पसरा आणि १०० सेंटिमीटरच्या खुणा जुळतात का बघा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला तर नवा, न ताणणारा फायबरचा टेप घ्या आणि तो शिवणाच्या कामाला देऊ नका. शिंप्याच्या हाताला इंचाची सवय असते. इथे सेंटिमीटर आणि त्यातले मिलिमीटर लागतात.

टेपवरून टक्के काढायचं सगळ्यांत रुळलेलं सूत्र अमेरिकन नौदलाचं. हॉजडन आणि बेकेट यांनी ते १९८४ साली नौदलाच्या संशोधन केंद्रात बसवलं. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घेतली आणि लॉग दहाच्या पायाचा धरला तर पुरुषांसाठी ते असं:

चरबी टक्के = ४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग (कंबर − मान) + ०.१५४५६ × लॉग (उंची)] − ४५०

आणि स्त्रियांसाठी:

चरबी टक्के = ४९५ ÷ [१.२९५७९ − ०.३५००४ × लॉग (कंबर + नितंब − मान) + ०.२२१ × लॉग (उंची)] − ४५०

चौकोनी कंसातली भानगड म्हणजे शरीराच्या घनतेचा अंदाज. चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि बाकी सगळ्या शरीराची, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी यांची मिळून १.१ ग्रॅम, असं धरलं की घनतेवरून टक्के काढता येतात. ४९५ आणि ४५० हे आकडे त्यातूनच येतात. ही वाट पाण्याखाली माणूस तोलण्यापासून सुरू झाली. १९४२ साली त्याच नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना पाण्याखाली तोललं. वजन-उंचीच्या तक्त्याप्रमाणे त्यातले बहुतेक जण लठ्ठ म्हणून नापास होत होते, आणि अंगात चरबी मात्र थोडी होती. नुसत्या वजनाच्या काट्यावर विसंबू नये, हे तेव्हापासून माहीत आहे. तरी घनतेचा तो १.१ सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. उतारवयात हाडं विरळ झाली की बाकीचं शरीरही थोडं हलकं होतं आणि घनतेवरून टक्के काढणारं गणित त्यालाही चरबीच समजतं. सत्तरीच्या आजोबांचा आकडा त्यांच्या नातवाच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

एक हिशेब करून पाहू. पुरुषाची उंची १७०, कंबर ९२, मान ३८. कंबरेतून मान वजा केली, ५४ उरले. त्याचा लॉग १.७३२४, उंचीचा लॉग २.२३०४. कंसाचं उत्तर १.०४६६ येतं आणि टक्के २२.९. फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक वेळा लॉगचं बटण दिसतं. त्याच्याच शेजारी एलएनचं, म्हणजे वेगळ्या पायाच्या लॉगचं, बटण असतं आणि घात तिथे होतो. चुकून एलएन दाबलं तर याच मापांवरून १४.७ टक्के निघतात. हे उत्तर इतकं गोड असतं की कुणी पुन्हा तपासत नाही. बायकांच्या सूत्रात ही चूक लगेच उघडी पडते: उंची १५५, कंबर ८०, नितंब ९८, मान ३३ असेल तर बरोबर उत्तर ३३.७, आणि एलएननं २९१ टक्के.

आता खरं काम, टेप कुठे आणि कसा धरायचा. पुरुषांची कंबर या सूत्रात बेंबीच्या पातळीला मोजतात. पँटचा नंबर इथे कामाचा नाही. ३४ नंबरची पँट घालणारा गृहस्थ ती ढेरीच्या खाली बांधतो, आणि बेंबीवर टेप धरला की ९६ सेंटिमीटर भरतात. बायकांची कंबर बेंबीवर नाही, तर धडाच्या सगळ्यांत बारीक जागी मोजायची. बारीक जागा दिसतच नसेल तर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध पेनानं खूण करा आणि दर वेळी त्याच पातळीवर मोजा. इथे परकराच्या नाडीची एक अडचण हमखास येते. वर्षानुवर्षं एकाच जागी नाडी आवळून तिथे खाच पडलेली असते, टेप आपोआप त्या खाचेत जाऊन बसतो आणि माप दोन-तीन सेंटिमीटर कमी भरतं. ती खाच म्हणजे शरीराची बारीक जागा नव्हे. सकाळी नाडी बांधायच्या आधी, खाचेच्या वर, केलेल्या खुणेवर मोजावं. पुरुषांच्या इलॅस्टिकच्या वळाचंही तेच.

पाय जुळवून, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवून उभं राहा. टेप उघड्या अंगाला, सगळीकडून जमिनीशी समांतर. पाठीमागे तो हमखास घसरतो, म्हणून आरशाला पाठ करून मान वळवून बघण्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी मागून नजर टाकायला सांगावं. टेपचा ताण मागावरच्या ताण्यासारखा हवा, लोंबणार नाही इतका आणि रुतणार नाही इतकाच. मग नेहमीसारखा श्वास घ्या, नेहमीसारखा सोडा, आणि सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेलं माप कितीही सुखद असलं तरी त्याचा उपयोग नाही, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही नेमकं तितकंच ओढाल याची हमी कोण देणार? वरच्या हिशेबात ९२ ऐवजी ८९ लिहिलं की २२.९ चे २०.८ होतात. तीन सेंटिमीटर पोट आत ओढणं अवघड नाही.

मान कंठमण्याच्या लगेच खाली मोजायची, टेप पुढच्या बाजूला किंचित खाली कललेला, नजर समोर, खांदे सैल. खांदे उचलले की मानेजवळचे स्नायू टेपमध्ये येतात, मान जाड भरते आणि चरबी कमी दिसते. मानेचा एक सेंटिमीटर कंबरेच्या एका सेंटिमीटरइतकाच आकडा हलवतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या उदाहरणात कंबर एकानं जास्त आणि मान एकानं कमी मोजली तर २२.९ चे थेट २४.३ होतात. म्हणून प्रत्येक जागी तीन वेळा मोजा, दर वेळी टेप काढून पुन्हा लावा, आणि मधला आकडा लिहा. तिन्हींत एका सेंटिमीटरहून जास्त तफावत असेल तर टेप सरकतोय असं समजून पुन्हा सुरुवात करा. नितंबांचं माप सगळ्यांत रुंद जागी, बाजूनं पाहून. उंची भिंतीला टाच टेकवून सकाळीच एकदा मोजा आणि तीच कायम वापरा. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर आखूड होतो.

पाणीवेस किंवा पत्रा तालमीत घाम गाळणाऱ्यांनी हे सूत्र जरा सांभाळून वापरावं. कुस्तीनं मान भरते, आणि जाड मान म्हणजे कमी चरबी असं सूत्राचं गणित आहे. तीच ९२ ची कंबर, तीच उंची, पण मान ४२ असली की उत्तर २०.१. सूत्र तयार झालं ते सर्वसाधारण नौसैनिकांवर, जोर-बैठका मारणाऱ्यांवर नव्हे. उलट गलगंडामुळे मान सुजलेली असेल तर हा आकडा काढूच नये.

मान नको असेल तर आणखी सोपं सूत्र आहे, २०१८ साली अमेरिकेतल्या पाहणीच्या आकड्यांवरून काढलेलं. पुरुषांसाठी ६४ वजा २० गुणिले उंची भागिले कंबर, स्त्रियांसाठी ६४ च्या जागी ७६. यात कंबर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला मोजतात. तिथेही ९२ भरली असं धरलं तर आपल्या गृहस्थाचं उत्तर २७.० येतं. नौदल म्हणतं २२.९, हे म्हणतं २७. मैदानावरच्या त्या वेगवेगळ्या आकड्यांचं रहस्य एवढंच आहे. एक सूत्र निवडा आणि वर्षभर सोडू नका. निकाल आवडला नाही म्हणून सूत्र बदललं तर आधीच्या सगळ्या नोंदी वाया जातात.

काचेच्या काट्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण लोकांचा विश्वास तिथेच जास्त बसतो. तो दशांशासह आकडा दाखवतो, हाडांचं वजन आणि 'शरीराचं वय'सुद्धा सांगतो. प्रत्यक्षात तो एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण वीज सोडतो आणि अडथळा किती झाला ते मोजतो. स्नायूंत पाणी भरपूर, सुमारे तीन चतुर्थांश, म्हणून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, म्हणून अडते. नुसत्या पायांखाली पट्ट्या असलेल्या काट्यात वीज एका पायानं चढून दुसऱ्यानं उतरते. म्हणजे जास्त करून पाय आणि ओटीपोट एवढंच त्याला कळतं. छाती, हात आणि वरचं पोट यांचा त्यानं बांधलेला असतो तो अंदाज. तुमची उंची, वय, लिंग आणि वजन त्याला आधीच दिलेलं असतं, आणि निम्मं काम त्यावरच चालतं. खात्री करायची तर एकदा मोजून घ्या, मग प्रोफाइलमध्ये वय वीस वर्षांनी वाढवा आणि लगेच पुन्हा उभे राहा. किंवा 'खेळाडू' हा पर्याय निवडा. अंगातली चरबी पाच मिनिटांत बदललेली नसते, आकडा मात्र बहुतेक काट्यांवर बदलतो.

त्यात सोलापूरचं हवामान. वीज पाण्यातून वाहते, तेव्हा पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि काटा चरबी वाढली असं सांगतो. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेलेला असतो, पंखा गरम वारा फेकत असतो, रात्रभर घाम येऊन माणूस सकाळी कोरडा होऊन उठतो. अशा दिवशी दोन टक्के जास्त दिसले तर घाबरून जेवण तोडू नका. उलट व्यायाम करून किंवा गरम पाण्यानं अंघोळ करून लगेच उभं राहिलं तर कातडीतलं रक्त वाढलेलं असतं, अडथळा कमी होतो आणि चरबी घटल्यासारखी दिसते. मोजायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊन काट्याला फसवता येत नाही. पोटातलं पाणी त्याला वीज जाताना जाणवत नाही, वजनात मात्र येतं, आणि ते तो चरबीच्या खात्यात टाकतो. भेगाळलेल्या, घट्टे पडलेल्या टाचांतून वीज नीट शिरत नाही, म्हणून पाय ओल्या फडक्यानं पुसून, पट्ट्यांवर नीट बसवून उभं राहावं. पाण्याच्या दिवशी तर मोजूच नये. पहाटे नळ आला, तासभर घागरी-बादल्या उचलल्या, घाम निथळला आणि मग काट्यावर उभे राहिलात, तर येणारा आकडा त्या कसरतीचा असतो.

आणि फरशी. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, गार आणि टिकाऊ, पण सपाट कधीच नसते. काट्याच्या चार पायांतला एक जरी सांध्यावर आला तरी वजन बदलतं, आणि चुकीच्या वजनावर चरबीचं गणितही चुकतं. काटा ठेवून चारही कोपरे बोटानं दाबून बघा. कुठे डुगडुगला तर जागा बदला, आणि सापडलेल्या जागेवर खडूनं चौकट आखून ठेवा. चादरीवर, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर काटा ठेवू नये. काटा बरोबर आहे का हे तपासायला घरातच एक ठोकळा असतो: गॅसचा नवा, सील न तोडलेला सिलिंडर. त्याच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. टाकी १५.६ असेल तर काट्यानं २९.८ च्या आसपास दाखवायला हवं. शे-दीडशे ग्रॅमचा फरक चालेल, अर्ध्या किलोचा नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी असल्या काट्याच्या चरबी मोजायच्या सोयीपासून दूर राहावं.

चिमट्याची पद्धत, म्हणजे कॅलिपरनं कातडीची घडी मोजणं, सरावलेल्या हाताला फार चांगली. तो हात मात्र घरी नसतो. जॅक्सन आणि पोलॉक यांचं १९७८ चं पुरुषांसाठीचं सूत्र छाती, पोट आणि मांडी अशा तीन जागा घेतं. १९८० चं स्त्रियांसाठीचं दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वरची जागा आणि मांडी. सगळं शरीराच्या उजव्या बाजूला. पोटाची घडी बेंबीपासून दोन सेंटिमीटर उजवीकडे, उभी. अंगठा आणि तर्जनीनं घडी स्नायूपासून उचलून वेगळी करायची, चिमटा बोटांच्या सेंटिमीटरभर खाली लावायचा, घडी सोडायची नाही आणि दोन सेकंदांत आकडा वाचायचा. जास्त वेळ थांबलात तर चरबी दबते आणि माप कमी येतं. सगळ्यांची नेहमीची चूक म्हणजे भीतभीत उचललेली अर्धवट घडी, नाहीतर स्नायूसकट उचललेली जाड घडी. दुसऱ्या कुणाच्या हातानं मोजून घ्यायचं असेल तर वर्षभर तोच हात हवा. या महिन्यात बायको आणि पुढच्या महिन्यात जिमचा ट्रेनर असं चालत नाही. शिवाय चिमट्याला फक्त कातडीखालची चरबी कळते. आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठलेली कळत नाही, आणि आपल्या लोकांची गोची नेमकी तिथे आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा शेजारी-शेजारी उभा राहिलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, सारखाच, २२.३. डेक्सानं मोजलेली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. याज्ञिकांच्याच चमूनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधली बाळं तुलनेला घेतली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी भरले होते ते स्नायू आणि अवयव, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं जवळजवळ तेवढीच. हडकुळे हातपाय आणि त्यावर पोट, ही आपली ठेवण जन्मापासूनची. म्हणून गोऱ्या लोकांच्या मापांवर बसवलेली सूत्रं आपल्याला बहुधा थोडं झुकतं माप देतात. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याची, अशा रेषा वेगळ्या आखल्या आहेत त्या यामुळेच. चरबीच्या टक्क्यांत पुरुषांना २५ आणि बायकांना ३० ही रेषा आपल्याकडच्या अभ्यासांत साधारणपणे धरतात. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचं वजन ५० किलो असतं, 'मी कुठे जाड आहे' असं ती म्हणते, आणि टेप ८६ दाखवतो. तिच्यासाठी टक्के राहू द्या, रक्तातली साखर तपासणं जास्त निकडीचं.

आता मोजायचं किती दिवसांनी? रोज नको, आठवड्यानंही नको. ७५ किलोचा माणूस, २६ टक्के चरबी, म्हणजे १९.५ किलो. रोज ५०० कॅलरींची तूट इमानदारीनं पाळली तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम चरबी जाते, कारण किलोभर चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. ५०० ची तूट म्हणजे किती, तर दोन मोठे चमचे शेंगा चटणीतच शंभरावर कॅलरी असतात. आठवड्यानंतर त्याचे टक्के २५.५ च्या जवळ येतात. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, आणि टेप एक सेंटिमीटर सरकला की त्याहून जास्त फरक पडतो. आठवड्याला मोजणारा माणूस टेपच्या चुका मोजत बसतो. चार आठवडे जाऊ द्या, टक्के २४.२ च्या आसपास येतात, आणि हा बदल टेपला दिसण्याजोगा असतो. म्हणून वजन रोज सकाळी बघायला हरकत नाही, पण आठवड्याची सरासरी लिहावी; टेपची मापं महिन्यातून एकदा, संडासला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी.

टक्क्यांचा खरा उपयोग वजनाशी गुणल्यावर होतो. तीन महिन्यांनी हाच माणूस ७१ किलोवर आला आणि टक्के २२.५ झाले, तर चरबी १६ किलो आणि बाकीचं शरीर ५५. सुरुवातीला बाकीचं ५५.५ होतं, म्हणजे चार किलोंपैकी साडेतीन चरबीतून गेले, झकास काम झालं. पण ७१ किलोवर टक्के २५ च राहिले असतील, तर चरबी १७.७ आणि बाकीचं ५३.३. दोन किलोंहून जास्त भार स्नायू आणि पाण्यातून गेला. नुसत्या काट्यावर दोघांचं यश सारखंच दिसतं. दुसऱ्याला सांगावं लागेल की फिरणं आहे ते ठीक, पण जोर-बैठका किंवा वजनं उचलणं सुरू करा, आणि ताटात कडक भाकरीबरोबर डाळ, उसळ, अंडी, दही यांतलं काहीतरी दोन्ही वेळा येऊ द्या.

वहीत तारखेशेजारी एक रिकामा रकाना ठेवावा आणि त्यात परिस्थिती लिहावी. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू पोटभर खाल्ले की दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वर असतं. ती चरबी नसते. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम पिष्टाबरोबर तीनेक ग्रॅम पाणी अडकून राहतं आणि मीठ आणखी थोडं धरून ठेवतं. तीन दिवस थांबून मोजा. रमजानमध्ये मोजायचंच असेल तर सहरीच्या आधी, नाहीतर तो महिना सोडून द्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला की होम मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी व्यापतं, फिरणं थांबतं आणि भजी सुरू होतात. तिथे कंबर दोन सेंटिमीटर वाढलेली दिसली तर रकान्यात 'गड्डा' एवढं लिहिलं तरी पुरे. बायकांच्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरतं, म्हणून पाळी संपल्यानंतरचा ठरावीक दिवस धरावा. काट्याचा मे महिन्यातला आकडा जानेवारीशी जोडू नये, मागच्या मेशी जोडावा.

गरोदर बायकांना आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत यातलं कुठलंच सूत्र लागू नाही. पाय किंवा पोट सुजलेलं असेल, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, तर काटा आणि टेप दोन्ही फसतात. तिथे डॉक्टरांनाच विचारावं. अठराच्या आतल्या मुलांना ही मोठ्यांची सूत्रं लावू नयेत, त्यांचं शरीर दर सहा महिन्यांनी बदलत असतं. आणि तालमीत नव्यानं जायला लागलेल्या चौदा वर्षांच्या पोरानं मोबाइलवर बघून 'माझं फॅट दहावर आणायचंय' म्हणत जेवण अर्धं केलं असेल, तर टेप आणि काटा काही महिने त्याच्या नजरेआड ठेवावेत आणि दुधाचा पेला वाढवावा.